रजियाबींचा माइक

मित्रांनो, जाळीचं तोंड वर करून टेबलावर बसलेला मी एक जुना माइक आहे. वाशी गावाच्या वाटेवरच्या एका लहानशा सरकारी रेडिओ केंद्रात माझं आयुष्य गेलं. रोज संध्याकाळी रजियाबी ओढणीने माझी जाळी पुसायच्या आणि बोलायला बसायच्या. हवामान, मोंढ्यातले धान्याचे भाव, धरणाचं पाणी, सगळं त्या मला सांगत आणि मी गावोगाव पोचवत असे.

मग आमच्या अनुदानावरून भांडण पेटलं. एक पक्ष म्हणाला, हे केंद्र विरोधकांची तळी उचलतं. दुसरा म्हणाला, सरकारची. सत्तेत असताना दोघांनीही आपलीच भाषणं माझ्यातून ऐकवली होती! सभागृहात नुसता गोंधळ झाला, अनुदान अडकलं आणि आमचा संध्याकाळचा कार्यक्रम बंद पडला. त्या जागी दूरच्या शहरातून गाणी येऊ लागली. रजियाबींना घरी बसवलं. माझी तार काढून ठेवली.

त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले. नदीकाठच्या वस्तीवर मोबाइलला रेंज नाही. रेडिओवर गाणी चालू होती. काठावरच्या गोठ्यात गेलेले वस्तीवरचे शेतकरी आण्णासाहेब बैलांसकट वाहून गेले.

पुढे दोन्हीकडचे पुढारी केंद्राच्या दारात आले आणि कॅमेऱ्यांसमोर एकमेकांवर तुटून पडले. त्यांच्या गाड्या गेल्यावर आण्णासाहेबांची बायको, कडूबाई, आत आली. रजियाबी आपलं उरलंसुरलं सामान न्यायला आल्या होत्या.

"कोण पाहिजे, मावशी?"

"आवाज वळकला. तुमीच रजियाबी न्हवं?" कडूबाई म्हणाली. "त्या सांजंला तुमी बोलला का न्हाईत? मालक रेडिओ लावूनच बसले व्हते. म्हणले, हल्ली गाणीच लावत्यात, पर पाण्याचं काय आसतं तर बाईनं सांगितलं आसतं. म्हणून निवांत गेले."

रजियाबींनी रोजच्यासारखी ओढणीने माझी जाळी पुसली. त्यांनी कडूबाईला हाताला धरून माझ्यापुढे बसवलं.

हरवलेल्या माणसांची खबर रेडिओवर देतात, तशी ती बोलू लागली. "आण्णासाहेब नाव. अंगात पांढरा सदरा. उजव्या पायानं जरा लंगडत्यात. आजून घावले न्हाईत. कुणाला दिसले तर..."

तिचा शब्द न् शब्द माझ्या जाळीवर पडला आणि तिथेच राहिला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. मोठे झालात की कुणाच्याही बाजूने भांडा. पण दूर वस्तीवर कुणी एखाद्या आवाजावर विसंबून बसलं असेल, तर तेवढा आवाज बंद पाडू नका.