रजा धरून तीन वर्षं

प्रल्हादला एका जागी म्हणून बसवत नसे. नागपूरला शाळेत मास्तर त्याला बाकावर उभा करत, तर तिथंही तो या पायावरून त्या पायावर डुलायचा. आता अडतिसाव्या वर्षी मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट सांभाळत होता आणि त्याच्या चुळबुळीला भरपूर खाद्य मिळालं होतं. त्याची बायको गिरिजा आणि सात वर्षांची मुलगी कादंबरी मिशिगनच्याच पार उत्तरेच्या टोकाला, ग्रॅनाइट बे नावाच्या चार हजार वस्तीच्या गावात राहत होत्या. आणि हा इकडे चार बेडरूमच्या घरात एकटा. मध्ये आठ तासांचा रस्ता.

गिरिजा लहान मुलांची डॉक्टर. डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात तिचं शिक्षण ज्या व्हिसावर झालं त्याची अटच अशी होती, की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं. ते नको असेल, तर जिथं डॉक्टर टिकत नाहीत अशा एखाद्या गावात राज्य सरकारच्या शिफारशीनं तीन वर्षं काम करायचं आणि तोवर तिथून हलायचं नाही. दोघांनी मिळून दुसरी वाट धरली. तीन वर्षं काय, बघता बघता जातील, असं ट्रॉयमधले सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांतल्या एकालाही दर दुसऱ्या शुक्रवारी आठ तास गाडी हाकायची नव्हती.

ती एक ऑगस्ट दोन हजार पाचला रुजू झाली आणि त्याच आठवड्यात प्रल्हादनं एक्सेल शीट बनवलं. त्याच्या कंपनीत माणूस रजेवर गेला की प्रोजेक्टची तारीख तेवढी पुढे सरकते. तोच हिशेब त्यानं बायकोच्या तीन वर्षांना लावला. ती वडिलांच्या आजारपणात महिनाभर साताऱ्याला गेली, ते दिवस पुढे ढकलले. न्यूमोनियानं दहा दिवस झोपून होती, ते ढकलले. नाताळसुद्धा सोडला नाही. असं करत करत अखेरची तारीख निघाली एकतीस ऑक्टोबर दोन हजार आठ. वकिलाला विचारावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. शीट इतकं देखणं झालं होतं की त्यावर शंका घ्यायला जीव होईना. दर महिन्याला तो ते गिरिजाला मेल करी आणि ती उत्तर पाठवी, ‘ओके’.

एक गोष्ट मात्र त्याच्या शीटमध्ये नव्हती. प्रल्हादचाही पाय ट्रॉयमध्ये असाच अडकला होता. त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीनं ट्रॉयमधल्या नोकरीसाठी केलेला. गाव बदललं की सगळं पहिल्यापासून. पण दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सरकारनं अचानक खिडकी उघडली, सगळ्यांचे ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्याचे अर्ज एकदम घेतले गेले, आणि त्यानंतर सहा महिने उलटले की तशाच कामाची नोकरी देशात कुठंही धरायला माणूस मोकळा. त्याचा मित्र शैलेंद्र त्याच नियमावर फेब्रुवारीत दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला निघून गेला. प्रल्हादही त्याच आठवड्यात मोकळा झाला होता. त्यानं ते घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की मग तूच इकडे का येत नाहीस? त्याला जायचं नव्हतं. ट्रॉयमध्ये मित्र होते, मंडळाचं चिटणीसपद होतं, हौसेनं घेतलेलं घर होतं. वर्षातले सहा महिने बर्फ उपसणाऱ्या गावात तो काय करणार? शिवाय गिरिजा येणारच होती. मग उगाच विषय कशाला काढा, असं त्यानं स्वतःला समजावलं.

एकतीस ऑक्टोबर शुक्रवारी आला. प्रल्हादनं रजा टाकली, मंडळातल्या शोभनाकाकूंनी दिवाळीच्या फराळाचे दोन डबे दिले होते ते मागच्या सीटवर ठेवले आणि पहाटे चारलाच गाडी काढली. उत्तरेकडे नेणारा मॅकिनॉचा पूल ओलांडला तेव्हा तो स्वतःशीच गुणगुणत होता. घरी न जाता थेट क्लिनिकमध्ये जाऊन गिरिजाला चकित करायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

क्लिनिकमध्ये हॅलोविनच्या सोंगांची गडबड होती. रिसेप्शनवरच्या डोनाबाईंनी डोक्याला मांजराचे कान लावले होते आणि गालावर काळ्या मिश्या ओढल्या होत्या. डॉक्टर एका बाळाला तपासतायत, म्हणाल्या, बसा. प्रल्हाद बसला नाही. किल्ल्या खुळखुळवत तो उभाच राहिला आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, की आज डॉक्टरांचा इथला शेवटचा दिवस, तीन वर्षं पूर्ण झाली.

डोनाबाई गोंधळल्या. तीन वर्षं तर ऑगस्टमध्येच झाली, त्या म्हणाल्या. आम्ही केकसुद्धा कापला. तेव्हापासून डॉक्टर महिन्यामहिन्यानं मुदत वाढवून थांबतायत आणि नवा दोन वर्षांचा करार त्यांच्याकडे सहीसाठी पडून आहे, सोमवारी उत्तर द्यायचंय. मग त्या काउंटरवरून पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, की साठ मैलांत मुलांचा दुसरा डॉक्टर नाही, तेव्हा तुम्हीच त्यांना जरा समजवा.

मिश्या रंगवलेल्या त्या बाईच्या तोंडून हे ऐकताना प्रल्हादला आधी हसूच आलं. मग कानशिलं तापली. मी आलो होतो हे गिरिजाला सांगू नका, एवढं बोलून तो बाहेर पडला. गावात रस्ते चार. त्या चारही रस्त्यांवरून त्यानं दोन तास गाडी फिरवली. डोक्यात एकच चाललं होतं: तीन महिने. तीन महिने ही बाई मोकळी होती, आपण सहा वेळा येऊन गेलो आणि ही आपल्याला पोळ्या करून वाढत होती.

साडेपाचला गिरिजा कादंबरीला घेऊन घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात येरझारा घालत होता. कादंबरी मधमाशी झाली होती. जाड जॅकेटवरून पंख चढवल्यामुळे ती मधमाशीपेक्षा फुगलेली उशी दिसत होती. शेजारच्या मुलांबरोबर आळीतली दारं वाजवून ती तासाभरानं चॉकलेटांनी भरलेली पिशवी घेऊन परतली आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून रंगांप्रमाणे ढीग लावू लागली. तोवर प्रल्हादनं कसाबसा दम धरला होता.

“ऑगस्टमध्येच संपलं होतं ना?” त्यानं विचारलं.

गिरिजानं गॅस बारीक केला. कोणी सांगितलं, असं तिनं विचारलं नाही. “एक तारखेला. तुझं शीट पहिल्यापासून चुकलेलं होतं. करारातली रजा धरूनच तीन वर्षं मोजतात.”

“मग सांगायचंस ना. दर महिन्याला ओके कसलं लिहीत होतीस?”

“आधी वाटलं, तुला त्या शीटचा विरंगुळा आहे, कशाला मोडा. वेळ आली की सांगू.” ती ओट्याला टेकली. “मग फेब्रुवारीत रेखाचा फोन आला. शैलेंद्रची रेखा. म्हणाली, आम्ही अ‍ॅशबर्नला निघालो, आता तुमचा प्रल्हादही सुटला, त्याच्या अर्जाची डेट तर आमच्याबरोबरचीच. मला वाटलं, तू येशील तेव्हा सांगशील. त्या शुक्रवारी नाही सांगितलंस. मग पुढच्या वेळी. मी ऑगस्टपर्यंत थांबले प्रल्हाद. दर वेळी तुझी गाडी दारात लागली की वाटायचं, आज बोलशील. नाही बोललास, मग माझी तारीख मीही सांगितली नाही.”

प्रल्हाद खिडकीशी गेला, तिथून फ्रिजशी आला. दुपारपासून तापवत ठेवलेला राग होता, तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना. शरम वाटली, चांगलीच वाटली. पण तिच्या जोडीला एक हट्टही वर आला.

“मी काही खोटं बोललो नाही,” तो म्हणाला.

“मीही नाही बोलले.”

हे खरंच होतं. तीन वर्षं दोघांनी मिळून सगळा दोष कायद्याच्या माथी मारला होता. भांडण झालं की कायदा आठवायचा आणि दोघं एका बाजूला यायची. किती सोयीचा होता तो. आता तो निघून गेला होता आणि स्वयंपाकघरात दोघंच उरली होती.

गिरिजानं ड्रॉवरमधून करार काढला नाही, की डोळेही पुसले नाहीत. ती फक्त म्हणाली, “तुला काय हवंय ते एकदा सांग. व्हिसा, कार्ड, यातलं काही न काढता.”

त्यानं फ्रिजचं दार उगाच उघडलं, लावलं. “मला इथं यायचं नाहीये,” तो शेवटी म्हणाला. “तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

“माहीत होतं मला. तोंडून ऐकायचं होतं.”

“आणि तुला?”

“मला तिकडे यायचं नाही. तिथं मी प्रल्हादची बायको असते, मंडळाच्या पॉटलकला काय करून आणलं ते विचारतात. इथं एखाद्या पोराला रात्री अडीचला ताप चढला तर त्याची आई माझं नाव घेते.” तिनं ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं. “इथल्या हॉस्पिटलात आयटीला माणूस मिळत नाही, वर्ष झालं बोंबलतायत. मी तुला एका शब्दानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू माझ्यासाठी म्हणून आला असतास आणि जन्मभर ऐकवलं असतंस.”

ऐकवलं असतं, हे प्रल्हादला नाकारता येईना. इतक्या दिवसांनी दोघं खरं बोलली होती आणि त्यानं कुणालाच बरं वाटलं नव्हतं. समोर भाजी करपत होती. ती कोणी हलवली नाही.

कादंबरी दारात येऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिचा एक पंख खांद्यावरून लोंबत होता.

“बाबा, आर वी मूव्हिंग?”

गिरिजानं त्याच्याकडे पाहिलं. तूच सांग, असं ते पाहणं होतं. प्रल्हाद कादंबरीसमोर उकिडवा बसला. “सध्या नाही गं.”

“बिकॉज ऑफ द लॉ?”

गेली तीन वर्षं याच प्रश्नाला तो हो म्हणत आला होता. आताही ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं, आणि म्हटलं असतं तर पोर निमूट चॉकलेटांकडे परत गेली असती. “नाही,” तो म्हणाला. “लॉ आता काही म्हणत नाही. आईबाबांचंच ठरत नाहीये.”

कादंबरीनं विचार केला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

“इज इट बिकॉज ऑफ मी?”

“नाही,” दोघंही एकदमच म्हणाली, आणि एवढ्या जोरात म्हणाली की ती दचकून मागे सरली. प्रल्हादनं तिला उचलून घेतलं. उचलताना त्याची कंबर चमकली. पोर जड झाली होती. एवढी जड ती मागच्या पंधरा दिवसांत नक्कीच झाली नव्हती. तिनं त्याच्या मानेभोवती हात टाकले, आणि तिच्या केसांना जो वास येत होता तो त्याच्या ओळखीचा नव्हता. घरातला शॅम्पू कधी बदलला, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याला रडू कोसळलं. त्यानं ते लपवलं नाही.

“त्या हॉस्पिटलवाल्यांचा नंबर आहे का तुझ्याकडे?” तिच्या डोक्यावरून त्यानं विचारलं.

गिरिजानं गॅस बंद केला. तिचेही डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही.

“आत्ता नाही देणार,” ती म्हणाली. “आत्ता तू घाबरून मागतोयस. रविवारी परत जा. सोमवारी तुझ्या त्या घरात, तुझ्या माणसांत बसून फोन कर आणि तिथून माग. मग देईन.”