टोबायसकाकांचा ण

वल्लरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती एका ‘ण’मुळे. टोबायसकाकांची भाषा म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातली, अंगन नावाच्या भाषाकुळातली, मूठभर माणसांची, एवढीशी. तिच्यात ण आला कुठून? तिनेच केलेल्या त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये साधा न होता. आता तिथे जीभ वळवून काढलेला, थेट तिच्या साताऱ्याचा ण!

काका अमेरिकेत, ॲन आर्बरला मुलीकडे राहायचे आणि मुलीला येत होतं फक्त इंग्रजी. वल्लरीचा भाषाशास्त्राचा अख्खा थिसिस या एका माणसाच्या तोंडावर उभा होता आणि सबमिट करायला महिनाच उरला होता.

“फसवतोय यार तो तुला,” रूममेट आश्लेषा म्हणाली. “शब्द मनाचेच बनवत असेल. चेक कोण करणार?”

झालं! संशयाला एवढं खतपाणी पुरेसं असतं. काका आठवायला थांबले की वल्लरीला वाटायचं, जुळवाजुळव चाललीय. हसले की वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. एकच शब्द ती त्यांना फिरवून फिरवून तीनदा विचारायची, चौकीतल्या हवालदारासारखी.

शेवटी एका दुपारी बर्फातून बसने ती त्यांच्याकडे गेली आणि जुनं-नवं दोन्ही रेकॉर्डिंग लावून इंग्रजीत म्हणाली, “काका, खरं सांगा. यातलं तुमचं बोलणं कुठलं?”

काकांनी पहिलं पुन्हा लावायला सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले.

“हे बायको होती तेव्हाचं.”

“आणि दुसरं?”

“ते तुझं.”

वल्लरीला काही कळेना.

“तू माझी भाषा अशीच बोलतेस,” काका म्हणाले. “ती गेल्यावर इथे माझ्याशी ही भाषा बोलणारी तू एकटीच. माणसं दोनच, आणि बोलायचं दोन तऱ्हांनी? भांडल्यासारखं वाटतं ते.”

वल्लरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निम्मा थिसिस पाण्यात गेला होता, पण त्याचं दुःख नंतर. आत्ता त्यांच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी मायेचं बोलावं, निदान ‘जेवलात का’ एवढं तरी विचारावं, असं तिला फार वाटलं.

वहीत अठराशे शब्द होते. भूक होती, तोंड होतं, रताळं होतं. पण घरच्या माणसाला ‘जेवलात का’ कसं विचारतात, हे दोन वर्षांत तिने कधी विचारलंच नव्हतं.