पट्ट्यावरचा आकडा

मी लोकांना पळायला शिकवतो. बावीस वर्षं झाली. यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता, आणि मैदानावर माझ्यासमोर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. एक माझी धाकटी बहीण सोडून. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण बाई एका जागी बसेल तर शपथ.

भिंगरीला अग्निशमन दलात जायचं होतं. अडचण एकच, दीड किलोमीटर सहा मिनिटं वीस सेकंदांत पळायचं. दोनदा ती थोडक्यात हुकली होती. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची. "दादा, या वेळी नाही झालं तर जन्मभर त्या कुरिअरच्या ऑफिसात पार्सलांवर शिक्के मारत बसेन बघ," म्हणायची.

चाचणीला तीन आठवडे उरले आणि तिची वेळ सहा चोवीसवर अडून बसली. चार सेकंद काही केल्या निघेनात. तेव्हा मीच तिला एनर्जी ड्रिंकचा कॅन आणून दिला. मीच. दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोयच नाही. "पळायच्या आधी अर्धा तास पी," म्हटलं, "भलेभले पितात." त्या दिवशी ती सहा एकवीसमध्ये आली. मी तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात एका कॅनचे दोन झाले. मला दिसत होतं, तरी मी हूं की चूं केलं नाही.

मग तिच्या हाताला थरथर सुटली. झोप उडाली. "दादा, छातीत मधेच काहीतरी उड्या मारतं रे," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "परीक्षेची भीती आहे ती. नाटकं पुरे, लाग पळायला."

आम्ही छातीला पट्टा बांधतो, ठोके मोजणारा. आकडा माझ्या घड्याळावर दिसतो. त्या सकाळी दुसऱ्या फेरीला तो एकदम दोनशे अठरावर गेला, खाली आला, परत वर चढला. हे पट्टे कोरडे पडले की असेच वेड्यासारखे वागतात, कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. मी तिला थांबवलं, पट्टा पाण्याने ओला केला, बॅटरी बदलली. ती कमरेवर हात ठेवून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मी पट्ट्याकडे बघत होतो. "हा बिघडलाय, तू नाहीस," म्हणालो. ती हसली. माझ्यावर विश्वास होता ना तिचा, काय करणार!

ती पुन्हा पळायला लागली. शंभर मीटरवर गुडघे मुडपून खाली बसली आणि आडवी झाली. मी तिची छाती दाबत राहिलो, तिला हाका मारत राहिलो. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली होती. उपयोग झाला नाही.

तपासण्यांचे निकाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. हृदयाचे ठोके ज्या विजेवर चालतात, त्यातच तिला जन्मापासून दोष होता. एरवी कदाचित कधी कळलाही नसता. पण त्यावर एवढं कॅफीन, आणि वर जीव तोडून पळणं. "पट्टा बरोबर दाखवत होता," त्या म्हणाल्या. "हे घराण्यात असू शकतं. तुम्हीही तपासून घ्या."

घेतलं. माझ्यातही तोच दोष निघाला.

रिपोर्ट घेऊन घरी आलो. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं सांगितलं. गोळ्या घ्यायच्या, जपून राहायचं, आणि ते कॅन कधी तोंडाला लावायचे नाहीत.

"म्हणजे दोघांना एकच दुखणं?"

"हो."

"मग तू ते कधीच प्यायला नाहीस?"

"नाही गं. मला त्याची चवच आवडत नाही."

आईने हातातली घडी बाजूला ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"तिला तरी कुठे आवडायची?" ती म्हणाली. "नाक दाबून प्यायची रे. दादाने आणलंय म्हणून."