वहिनींच्या दाराखालचा वाळूचा साप

मित्रांनो, मी एक जुना साप आहे. थांबा, पळू नका! मला ना दात, ना शेपूट, ना फणा. जाड कापडाची लांब नळी शिवायची, तिच्यात कोरडी वाळू भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, की झालो मी तयार.

मला एका शिंपीणकाकूंनी शिवलं. त्यांनी मला गच्च भरलं नाही, मुद्दाम थोडं सैल ठेवलं. गच्च भरलेला साप काठीसारखा ताठ राहतो. सैल साप जमिनीला चिकटून बसतो. म्हणून माझ्या लोळण्याला आळस म्हणू नका. लोळणं हीच माझी विद्या आहे!

आम्ही चाळीस भावंडं धान्याच्या गोदामात नोकरीला लागलो. धान्याला कीड लागली की पोत्यांच्या थप्पीवर मोठी ताडपत्री पसरायची आणि आत करड्या गोळ्या ठेवायच्या. हवेतला ओलावा लागला की त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो आणि किड्यांचा निकाल लागतो. माणसाचाही लागू शकतो, म्हणून तो वायू ताडपत्रीखालीच राहायला हवा. त्यासाठी आम्ही कडेने लोळायचं, एकाचं तोंड दुसऱ्याच्या अंगावर टाकून. मध्ये बोटभरही फट चालत नाही. मुकादम आम्हाला मोजायचे, पुन्हा मोजायचे आणि म्हणायचे, "हे माझे शहाणे साप." काय ऐट वाटायची तेव्हा! ताडपत्री मात्र सगळं श्रेय स्वतःकडे घ्यायची. अंगाने मोठी ना ती, घेणारच.

गोदामाला लागून एक खोली होती. तिथे राखणदारदादा, त्यांची बायको आणि दीड वर्षांची ठमी राहायची. बायकोला सगळे वहिनी म्हणत. दिवसभर गाणी म्हणणारी, हसरी बाई. तिच्या दाराखालून गार वारा यायचा. एका संध्याकाळी तिने आमच्या ढिगाकडे पाहिलं, मला उचललं आणि आतून दाराशी आडवं टाकलं. वारा बंद! ठमी तर माझ्यावर घोडा घोडा करत बसली. मित्रांनो, इतकी मजा मला गोदामात कधी आली नव्हती. मी कामावर नाही, हे मी साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी धुरीचं, म्हणजे त्या विषारी गोळ्यांचं काम निघालं. मुकादमांनी राखणदारदादांना बजावलं होतं की आठवडाभर खोली रिकामी करा. दादा हो म्हणाले आणि घरी काहीच बोलले नाहीत. मध्ये भिंत आहे, काय होणार, असं त्यांना वाटलं. मुकादम गोदामाच्या पुढच्या दाराला धोक्याची पाटी लावायला गेले, तेवढ्यात एका कामगाराला एक साप कमी दिसला. त्याने माझ्या जागी दोन विटा ठेवल्या आणि सगळं पूर्ण झालं म्हणून सांगून टाकलं. त्या दिवशी मुकादमांनीही मोजायचं सोडून त्याच्यावर विश्वास ठेवला. पण वीट ताठ असते हो, तिला लोळता कुठे येतं?

विटांमधून वायू निसटला. भिंतीतल्या भेगेतून तो आमच्या खोलीत शिरला. पुढच्या सकाळी दादा बाहेर गेले होते, तेव्हा वहिनीला लसणासारखा वास आला. तिने लसूण सोललाच नव्हता, तरी तिने फार मनावर घेतलं नाही. मग तिचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. ठमीने उलटी केली आणि मलूल होऊन तिच्या मांडीवर पडली. वायू बाहेर कुठून जाणार? दाराखालची एकच फट होती आणि ती मी अगदी मन लावून बंद केली होती. मला स्वतःचीच भीती वाटली. स्वतःहून हलता येत असतं तर मी केव्हाच बाजूला झालो असतो.

तेवढ्यात मुकादम वायू मोजायचं यंत्र घेऊन गोदामाला फेरी मारत आले. खोलीजवळ यंत्र किंचाळायला लागलं आणि आतून ठमीचं कण्हणं ऐकू आलं. त्यांनी दार बडवलं.

"वहिनी, पोरीला घ्या आणि आहात तशा बाहेर या."

"चहा तेवढा उतरवते," आतून कसाबसा आवाज आला.

"जाऊ दे उतू. तुम्ही या."

वहिनी उठली, पण दार आत उघडायचं आणि मी मध्ये पसरलेलो. तिच्या हातात जोर नव्हता. मुकादमांनी विषारी वायू अडवणारा मुखवटा तोंडावर चढवला आणि खांदा लावून दार ढकललं. मी फरफटत कोपऱ्यात जाऊन आदळलो. मित्रांनो, त्या धक्क्याने झाला तेवढा आनंद मला कधीच झाला नाही. दोघी मोकळ्या हवेत पोहोचल्या, मग लगेच दवाखान्यात. या विषाचा त्रास कधी कधी उशिरा दिसतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. राखणदारदादा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. तिसऱ्या दिवशी ठमीने नर्सचा चष्मा ओढला आणि सगळ्यांना कळलं की ती ठणठणीत झाली!

आता त्या भिंतीला लागून कुणी राहत नाही. आवाराच्या पलीकडे त्यांना दोन खिडक्यांची छान खोली मिळाली. कामगाराच्या विटा गेल्या आणि मी पुन्हा माझ्या भावंडांत लोळू लागलो. जुना झालोय, एका टाक्यातून थोडी वाळू गळते. तरी कुणी फार काळ तसं ठेवत नाही, लगेच शिवतात.

तुम्हाला एवढंच सांगतो. धोक्याची पाटी दिसली की उलट्या पावली मागे फिरा. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका. नाक फसतं, यंत्राला विचारा. अशा जागेजवळ कुणाला मळमळलं, डोकं दुखलं, तर आधी मोकळ्या हवेत या, मग बाकीचं. आणि कामाची वस्तू जिथली तिथे राहू द्या, कितीही लाडाने उचलावीशी वाटली तरी.

हल्ली धुरीच्या दिवशी वहिनी स्वतः सगळ्या खोल्यांत डोकावते, माणसं मोजते, दारांना कुलपं लावते आणि लांब उभी राहून हात वर करते. तिचा हात वर गेल्याशिवाय मुकादम गोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडत नाहीत.