भूत दाखवणारी लेन्स

दर गुरुवारी सकाळी तीर्थपुरीच्या बाजारतळावर भुतं फोटो काढून घ्यायला रांग लावत. भुतं म्हणजे ती ज्यांना लागली होती ती माणसं, पण भिंगमहाराजांच्या दरबारात असला बारीक फरक कुणी करत नसे. महाराज माणसाला पाटावर बसवून फोटो काढत. पुढच्या गुरुवारी फोटो धुऊन आला की माणसाभोवती पांढरी वाफ दिसे. हीच बाधा! मग नारळ, उतारा, दक्षिणा आणि दुसरा फोटो. तो मात्र लख्ख. इतकी शिस्तीची भुतं अख्ख्या मराठवाड्यात नसतील.

गावातला फोटोग्राफर त्रिंबक लांबून हसायचा. पण त्याच्या धाकट्या बहिणीचा, नंदाबाईचा, लख्ख फोटो घरी आला आणि त्याचं हसू आटलं. नंदाबाईला टीबी होता. दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्या होत्या, चार महिन्यांच्या बाकी होत्या. मध्येच सोडल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं त्या सोडल्या.

"दादा, बाधाच गेली. महाराजच म्हणाले, आता गोळ्या कशाला खायच्या?"

त्रिंबकनं तिचा पहिला, वाफेचा फोटो उजेडात धरला. ही वाफ त्यानं पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं औरंगाबादेत एक जुनी लेन्स स्वस्तात घेतली. वरून काच पुसून पाहिली, रिंग फिरवून पाहिली, पण बॅटरी मारून आत काही पाहिलं नाही. त्या लेन्सनं गावातल्या बड्या काकासाहेबांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पांढरेफटक केले. या पठ्ठ्यानं खापर फोडलं जालन्याच्या फोटो धुणाऱ्यावर, आणि लेन्स बाजारात एका परक्या माणसाच्या गळ्यात मारली. तो परका आता महाराज झाला होता. गुरुवारपर्यंत त्रिंबकला घास गोड लागला नाही.

गुरुवारी तो नंदाबाईला घेऊन दरबारात गेला आणि हात जोडून म्हणाला, आज महाराजांचाच फोटो होऊ द्या. महाराज म्हणाले, आमचं तेज कॅमेऱ्याला सोसायचं न्हाई. पण भक्तांना तेच तेज भिंतीवर लावायचं होतं. पुढे बसलेल्या काकासाहेबांनीच महाराजांना धरून पाटावर बसवलं, रिवाजाप्रमाणे उगवतीकडे पाठ करून. त्रिंबकनं नंदाबाईचा डोळा महाराजांच्याच कॅमेऱ्याला लावला.

"दादा," ती चाचरत म्हणाली, "महाराजांनाच लागलंय की."

एकेकानं पाहिलं. महाराज वाफेत बुडाले होते. मग त्रिंबकनं त्यांचं तोंड सूर्याकडे करून स्वतः पलीकडे जाऊन कॅमेरा धरला. नारळाशिवाय, दक्षिणेशिवाय बाधा गेली. त्यानं लेन्स काढून बॅटरी मारली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. सूर्य कॅमेऱ्यासमोर असला की उजेड तिच्यावर फाकतो, कॅमेऱ्याच्या पाठीशी असला की फोटो साफ येतो, हे त्यानं समजावलं. महाराज पहिल्यांदा पाठ सूर्याकडे करायला लावतात आणि उताऱ्यानंतर तोंड, एवढीच काय ती विद्या.

"तुला एवढं बराबर कसं ठाऊक?" काकासाहेबांनी विचारलं.

त्रिंबकनं लेन्स त्यांच्या हातात ठेवली. "लेन्स माझी व्हती. तुमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो हिनंच घालवले. धुणाऱ्याचं नाव मी खोटं घेतलं."

काकासाहेबांनी भर बाजारात त्याची जी पूजा बांधली ती छापण्यासारखी नाही, आणि ती त्याला मिळायलाच हवी होती. तेवढ्यात महाराज बिनकॅमेऱ्याचे पसार झाले.

"मंग माझं आतलं बरं झालं न्हाई?" नंदाबाईनं हळूच विचारलं.

"कॅमेरा कातडीच्या आत बघत न्हाई, नंदा. चल."

दोघं थेट दवाखान्यात गेली. डॉक्टर रागावले, थुंकी तपासायला घेतली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मंडळी, जुनी काच घेताना बॅटरी मारून पाहावी, आणि औषध सोडा म्हणणाऱ्याला चारचौघांत प्रश्न विचारावा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो धंदेवाला.