विहिरीजवळच्या चार ओळी

कारभारीचं बोलणं इतकं गोड, की त्याच्या बागेतल्या द्राक्षांनी लाजावं. दिंडोरीजवळच्या त्या गावात त्याला नावं ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. त्याची धाकटी बहीण कुसाबाई नवऱ्यामागे माहेरी आली होती आणि भावाच्या बागेत मजुरांच्या बरोबरीने राबत होती. बाप वारला तेव्हा जमिनीत तिचाही वाटा निघत होता. त्या वाट्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, म्हणजे सगळे त्याचाच विचार करत.

गर्डलिंगमध्ये तिचा हात गावात पहिला. मणी धरले की वेलीच्या खोडावरची साल अंगठीसारखी गोल काढायची, एवढंच काम. पानं उन्हात जी साखर रांधतात ती सालीतून खाली मुळांकडे उतरते. ती वाट तोडली की साखर घडांतच अडते आणि मणी फुगतो. पट्टी गव्हाच्या दाण्याएवढी अरुंद ठेवायची, म्हणजे महिन्याभरात जखम भरते आणि मुळांना पुन्हा खायला मिळतं. रुंद काढली तर भरत नाही. तरी वेल लगेच मरत नाही, कारण पाणी आतल्या लाकडातून वर चढतच राहतं. खाली मुळं उपाशी आणि वर पानं हिरवीगार!

ब्याऐंशी सालच्या पौषात कारभारी तिला म्हणाला, "कुसे, विहिरीजवळच्या चार ओळी जुन्या झाल्या. यंदा माल घेऊन उपटून टाकायच्या. पट्टी दोन बोटं रुंद काढ, मणी लय फुगंल."

उपटायच्याच आहेत, तर जाता जाता पिळून घ्यायला काय हरकत? तिने मन लावून काम केलं. भावाच्या शब्दावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

माघात बापाचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर भावकीसमोर कारभारी उभा राहिला.

"बहिणीला उघड्यावर टाकायची नाय मला. विहिरीजवळच्या चार ओळी आजपासून कुसाच्या. यंदाचा माल तेवढा माझा, खत-औषध मी घातलंय. उद्या दिंडोरीला जाऊन तिनं बापाच्या जमिनीतल्या वाट्याच्या हक्कसोडीवर अंगठा द्यावा, म्हणजे झालं."

माना डोलल्या. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असंही कोणी म्हणालं.

"त्या वेली मेल्यात," कुसाबाई मोठ्याने म्हणाली. "साल दोन बोटं काढलीय. पुढच्या साली तिथं नुसती लाकडं राहतील."

भावकीतला सर्वांत वडील कोंडाजी काठी टेकत बागेत गेला, मागे सगळे. मांडवाखाली टपोरे घड लोंबत होते आणि पानांची दाट सावली पडली होती.

"बाई, मेलेली बाग अशी असती व्हय?" कोंडाजी हसला.

"पानाला पाणी मिळतंय, बाबा. मुळाला खायला नाय."

"साल काढली कुणी?" कारभारीने शांतपणे विचारलं.

"मीच. तू सांगितलंस म्हणून."

"मी?" त्याने दुखावल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. "सोताच्या बागेच्या मुळावर कोण उठंल? अन् मेल्याच तर हिच्याच हातानं मेल्या म्हणायच्या."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे कापायलाही तिलाच बसवलं होतं. कोणी तिची बाजू घेतली नाही. नाही म्हणावं तर भावाची ओसरी सोडावी लागणार, आणि जायला दुसरं दार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने अंगठा दिला.

माल निघाला, विकला गेला, कारभारीची वाहवा झाली. एप्रिलच्या छाटणीनंतर त्या चार ओळींना पिवळट फुटवा आला आणि वीतभर वाढून थांबला. वैशाखाचं ऊन पानांतून पाणी ओढत होतं, आणि ते खालून उपसणारी मुळं उपासमारीने मेली होती. कुसाबाई कळशीकळशीने पाणी घालत राहिली. ते मातीतच राहिलं.

"भावानं दिलं, पण बाईला राखता आलं नाय," गाव म्हणालं.

आषाढात कारभारी गडी घेऊन आला आणि वाळलेली खोडं उपटायला लागला.

"माझ्या ओळी हायेत त्या," ती आडवी झाली.

"वेली दिल्या होत्या, कुसे, जमीन नाय," तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला. "वेलीच ऱ्हायल्या नाय तर ओळ कशाची? हितं कांदा लावतो. खुरपायला ये."