पेडगावची पद्धत

मालनबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि आश्रुबा समोरच्या खुर्चीतून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आश्रुबांनी पंचशीलाची एक ओळ म्हणायची, मालनबाईंनी ती मागे म्हणायची, त्यांचे ओठ मिटले की आश्रुबांनी पुढची ओळ धरायची. तिसऱ्या शीलापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग गाडी अडली. मालनबाईंचे ओठ काही केल्या मिटेनात.

"झालं का न्हाई तुझं?"

"कवाच झालं."

"मंग तोंड का हलायलंय?"

"शेंगदाना हाय तोंडात," मालनबाई म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

आश्रुबांना मात्र हसू आलं नाही.

"मांडवात पाचशे मानूस ऱ्हाईल, मालन. तितं शेंगदाना चालायचा न्हाई."

तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस पेडगावच्या विहारात तीस वर्षं वंदना घेत आला होता. आवाज असा खणखणीत की माईक बंद पडला तरी कुणाचं अडत नसे. पण चार वर्षांपूर्वी डावा कान बिघडला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतलं पाणी वाढतंय. माणसाचा तोलही तिथंच असतो. हे मुळापासून जाणारं नाही, सांभाळून राहायचं, मीठ कमी करायचं. उजव्याला जवळचं तेवढं ऐकू येई, पण एकूण ऐकणं हळूहळू इतकं घटलं की माणसं मागून म्हणतायत की थांबलीत, हेच आश्रुबांना कळेना. म्हणून मग हे ओठ बघणं.

आजाराचं लांबलचक नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. मालनबाईंनी त्याचं नाव ठेवलं 'गिरण'. कारण आधी कानात पिठाची गिरण सुरू झाल्यासारखी घरघर व्हायची, मग कान दडपायचा, आणि मग घर गरगर फिरायला लागायचं. कधी वीस मिनिटं, कधी तीन तास. तेवढा वेळ आश्रुबांनी कॉटच्या कडा घट्ट धरून पडून राहायचं आणि मालनबाईंनी उशाशी बसून राहायचं. लोणचं त्यांनी आपणहून घरातून हद्दपार केलं, आणि आश्रुबांनी त्यावरून महिनाभर तोंड फुगवलं.

एकदा ही गिरण परभणीच्या बसस्टँडवर सुरू झाली. आश्रुबा खांबाला मिठी मारून बसले आणि तिथंच ओकले. शेजारच्या एका बाईनं आपलं लेकरू ओढून घेतलं. "सकाळी सकाळीच टाकून आलंय म्हातारं," कुणीतरी म्हणालं. ते नेमकं उजव्या कानाच्या बाजूनं आलं, त्यामुळे स्पष्ट ऐकू गेलं. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! त्या दिवसापासून डॉक्टरांचा तो कागद त्यांनी पाकिटात ठेवला, कुणी विचारलं तर दाखवायला. पण असं कधी कुणी विचारतं का?

आणि आता नात हटून बसली होती. "माझं लग्न आजोबाच लावणार," साक्षी म्हणाली आणि विषय संपला. मुलगा सोनपेठचा, नागसेन, सोन्यासारखा पोरगा. भीती होती ती त्याच्या आजोबांची. सूर्यभान गुरुजी म्हणजे कडक माणूस. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात बँडवाला झिंगलेला दिसला म्हणून त्यांनी भरल्या ताटावरून उठून घर गाठलं होतं, ही गोष्ट तालुकाभर झालेली. त्यांच्यासमोर दारूला न शिवण्याचं पाचवं शील म्हणता म्हणता आपण झोकांडी खाल्ली तर? साक्षीला जन्मभर ऐकावं लागेल, नवरीचा आजा पिऊन आला होता म्हणून.

"एक वचन दे," मेथी निवडून झाल्यावर आश्रुबा म्हणाले. "काय बी झालं तरी मांडवात माजा हात धरायला यायचं न्हाई. बायकोनं धरलेला मानूस लांबून कसा दिसतो, ठावं हाय ना?"

मालनबाईंनी काड्या सुपात गोळा केल्या. त्यांना ते मुळीच पटलेलं नव्हतं.

"न्हाई धरत," त्या म्हणाल्या.

लग्न विहाराच्या पटांगणात होतं. टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. पांढऱ्या साडीतली साक्षी इतकी गोड दिसत होती की आश्रुबांनी दोनदा चष्मा पुसला. साक्षीचे वडील सिद्धोधन यांनी माईकवरून सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. विहारात वंदना बसून होते, मांडवात उभ्यानं, सगळीकडे तसंच. पाचशे खुर्च्या सरकल्या. मालनबाई नातीच्या शेजारी, आश्रुबांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. तोंडात काही नव्हतं. आश्रुबांनी आधीच विचारून घेतलं होतं.

सुरुवात झकास झाली. ओळ म्हणायची, मालनचे ओठ बघायचे, पुढची ओळ. पहिलं शील झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला कानात गिरण सुरू झाली.

आली मेली! आश्रुबांनी टेबलाची कड पकडली. कान दडपला. मेणबत्तीच्या ज्योती एका बाजूला पळायला लागल्या, मांडवाचे खांब त्यांच्या मागे निघाले. आणखी दोन मिनिटं, फार तर तीन, मग आपण आडवे. पुढच्याच रांगेत सूर्यभान गुरुजी हात जोडून ताठ उभे होते.

त्यांनी मालनकडे बघितलं. मालनबाई त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. शब्दाला जागल्या. त्या नुसत्या खाली बसल्या. नव्या साडीची पर्वा न करता, मांडी घालून, हात जोडून, थेट जमिनीवर. आणि बसता बसता त्यांनी साक्षीचा पदर ओढला.

साक्षी गोंधळली. मग तिचीही नजर आजोबांच्या बोटांवर गेली आणि ती मटकन बसली. नवरी बसली म्हणून नवरदेव बसला. नवरानवरी बसली म्हणून करवल्या बसल्या, मामा बसले, बायका बसल्या. मागून खुर्च्या सरकवल्याची खरखर झाली. सूर्यभान गुरुजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दुसऱ्या गावच्या रीतीभातीत आपल्याकडून कमीपणा नको, अशा विचारानं त्यांनी दोन भाच्यांचे खांदे धरले आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासकट स्वतःला खाली उतरवलं.

सगळ्या मांडवात आता एकटे आश्रुबाच उभे होते. मग तेही टेबलाला धरून बसले. बसलं की जमीन निदान अंगाखाली राहते. बाकी सगळं फिरत होतं, पण मालनचे ओठ त्यांनी नजरेतून सोडले नाहीत. चौथं शील झालं. पाचवं तर त्यांनी असं खणखणीत म्हटलं की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला.

जेवणं आटोपेपर्यंत ते विहाराच्या खोलीत पडून होते. सूर्यभान गुरुजी निरोप घ्यायला तिथं आले.

"आश्रुबाजी, पद्धत लय आवडली तुमची. आमच्यात निस्ते उभे ऱ्हातेत, आन् अर्धे मोबाइलात बगतेत."

आश्रुबांनी पाकिटातल्या कागदाकडे हात नेला. पण खोली अजून हलत होती, आणि तोवर गुरुजी हात जोडून बाहेर पडलेसुद्धा.

दीड महिन्यानं एका रविवारी सकाळी साक्षीचा फोन आला. मालनबाईंनी फोन नवऱ्याच्या उजव्या कानाशी धरला.

"आजोबा, काल चुलत नणंदेचं लग्न झालं. आमच्या इकडच्या आजोबांनी माईक घेतला आन् म्हणले, पेडगावच्या पद्धतीनं सगळ्यांनी खाली बसून घ्या. पूर्ण मांडव बसला, आजोबा!"

फोन ठेवल्यावर आश्रुबांनी पाकिटातला डॉक्टरांचा कागद काढून बघितला. खोटं बोलायचं नाही हे चौथं शील त्यांना टोचत होतं.

"गुरुजीला खरं सांगावं लागंल, मालन. आपली कुटं हाय तशी पद्धत?"

"सांगा की. चांगला मानूस हाय त्यो, समजून घेईल. पर खोटं कोन बोललं? मी निस्ती बसले."

आश्रुबांनी बायकोकडे पाहिलं. चार वर्षं उशाशी बसून तिला एवढं पक्कं कळलं होतं की या माणसाला कधी काय लागतं. ते उगाच चष्मा शोधायला लागले.

विहारात जायची वेळ झाली. रात्री कानात घरघर होऊन गेली होती, पाय अजून जमिनीवर नीट टेकत नव्हते. समोरच्या ओट्यावर धुरपताबाई बसली होती, बोळीत चार माणसं उभी होती. पायरीवर थांबून आश्रुबांनी डावा हात पुढे केला.

"धर."

मालनबाईंनी बोळीकडे पाहिलं. "लोक बगायलेत."

"बगू दे."

त्या सवयीनं त्यांच्या उजव्या अंगाला जायला लागल्या.

"तिकडून नको. ह्या अंगानं ये."

"ह्या कानाला ऐकू येतंय का तुमाला?"

"ऐकायचं मागून बगू," आश्रुबा म्हणाले. "पडतो मी डावीकडं."